गाडी दिराची, दुकान कंपनीचं आणि मधे शाळेचं गेट

ताई, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. मुलगा सहावीत आहे, दुपारचं सत्र असतं त्याचं. दिवाळीनंतर शाळेसमोरच्या रोडला कॉर्नरवर एक बर्गर-पिझ्झाचं मोठं आउटलेट आलंय, काचेचं, एसीवालं, आणि तेव्हापासून शाळा सुटली की पोरं घोळक्याने तिकडेच. बर्थडे ट्रीट तिथे, मॅच जिंकली तिथे, पेपर संपला तिथे. स्पोर्ट्स डेला तर जिंकलेल्या मुलांना शाळेतच त्या आउटलेटची कूपनं वाटली. पालकांच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. काहींनी अर्ज तयार केलाय की शाळेजवळची सगळी खाण्याची दुकानं-गाड्या हटवा, सह्या चालू आहेत. बाकीचे म्हणतात आपली पोरं आपण सांभाळायची, दुकानदाराला कशाला दोष.

माझी अडचण वेगळीच आहे. गेटला लागूनच जी चायनीजची गाडी आहे ती माझ्या दिराची. मंचुरियन, नूडल्स, शेजवान पाव. अंबडच्या कंपनीतलं काम सुटल्यावर त्याने ती टाकली, त्यावर त्याचं घर चालतं, सासूबाईंच्या औषधाचे पैसेही तोच देतो. सही केली तर घरात महाभारत, नाही केली तर ग्रुपवर म्हणणार घरचा धंदा म्हणून गप्प बसली. सासूबाई म्हणतात पोरगं एवढं काटकुळं, खाऊ दे की काय खातंय ते. मुख्याध्यापक म्हणाले गेटबाहेरचं आमच्या हातात नाही. अशी दुकानं शाळेजवळ असावीत का नसावीत, आणि मी सही करू का नको? मी तुमच्यापेक्षा लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— एक आई, सिडको

अगं, आधी सरळ उत्तर देते, कारण तू सरळ विचारलंयस. नसावीत. शाळेच्या गेटला लागून तळलेलं, खारट, गोड असं खाणं पोरांना विकायला परवानगी नसावी, मग ते काचेच्या दुकानातलं असो नाहीतर गाडीवरचं. यावर माझ्या मनात शंका नाही. पण ग्रुपवर जो अर्ज फिरतोय त्यावर तो आहे तसा सही करू नकोस. "सगळी दुकानं-गाड्या हटवा" असं लिहिलेल्या अर्जाचं आपल्याकडे काय होतं माहितीये ना, मनपाची गाडी येते, हातगाड्या उचलून नेते, फोटो निघतात आणि काचेचं दुकान जिथे आहे तिथेच राहतं. तुझ्या शाळेपुढेही हेच होईल. तुझ्या दिराचा धंदा जाईल आणि पोरं त्याच पैशात रोड ओलांडून बर्गर खायला जातील. म्हणजे घरात भांडण झालं ते झालंच आणि पोरांच्या पोटात जाणाऱ्या मैद्यात फरक शून्य.

मुख्याध्यापक जे म्हणाले ना, गेटबाहेरचं आमच्या हातात नाही, ते अर्धवट खरं आहे. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2020 मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराबद्दल नियम काढले आणि ते 1 जुलै 2021 पासून लागू आहेत. त्यात असं आहे की ज्या पदार्थांत सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त आहे ते शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये, होस्टेलच्या किचनमध्ये आणि शाळेच्या गेटपासून कुठल्याही दिशेला 50 मीटरच्या आत शाळेच्या मुलांना विकायचे नाहीत. फुकटही वाटायचे नाहीत, आणि त्यांची जाहिरातही करायची नाही. आणि ही गोष्ट गेटवर बोर्ड लावून सांगायची जबाबदारी शाळेवरच टाकलीये. तुमच्या गेटवर असा बोर्ड आहे का ते उद्या बघ. नसेल तर मुख्याध्यापकांच्या हातात पहिलं काम तिथेच आहे.

हा नियम काही कोणी एका रात्रीत काढलेला नाही, त्यामागे बरीच वर्षं आहेत. 2010 मध्ये दिल्ली हायकोर्टात उदय फाउंडेशन नावाच्या संस्थेने जनहित याचिका टाकली होती, शाळांच्या आसपास जंक फूड विकायला बंदी घाला म्हणून, आणि त्यावर 2015 मध्ये कोर्टाने एफएसएसएआयला मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली, मग ती होता होता 2020 उजाडलं. आपल्या राज्याने तर त्याआधीच, मे 2017 मध्ये, शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूड नको म्हणून जीआर काढलेला. म्हणजे कागदावर आपण मागे नाही आहोत. मागे आहोत ते गेटपाशी.

आता ती कूपनं. तुझ्या अख्ख्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे आणि तू ती एका वाक्यात सांगून पुढे गेलीस. पोरगं शंभर मीटर धावून पहिलं आलं, स्टेजवर बोलावलं, टाळ्या वाजल्या आणि हातात बर्गरचं कूपन दिलं, ते पण सरांच्या हातून. दुकान रोडच्या पलीकडे असणं एक आणि दुकान शाळेच्या स्टेजवर येणं वेगळं. पोराला आई काय सांगते त्याच्यापेक्षा सर काय देतात ते जास्त मोठं वाटतं त्या वयात, आणि इथे तर सरांनीच बक्षीस म्हणून दिलंय. तेही खेळात जिंकल्याबद्दल. हे त्या 2020 च्या नियमात बसत नाही, शाळेच्या आवारात अशा पदार्थांची जाहिरात आणि फुकट वाटप दोन्ही नको असं तो म्हणतो. तेव्हा अर्जात पहिला मुद्दा हा घाला. याला ना मनपा लागते ना पोलीस, शाळेने फक्त उद्यापासून नाही म्हणायचंय. स्पोर्ट्स डेला प्रायोजक हवा असेल तर आपल्या नाशकात द्राक्षवाले आहेत, दूधवाले आहेत, स्पोर्ट्सच्या सामानाची दुकानं आहेत, विचारून तर बघा.

मग राहिलं अंतर. इथे मला तुझ्या दिराची बाजू घ्यावीशी वाटते. 50 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 65-70 पावलं. गेटपासून मोजत जा. गाडी गेटला लागून आहे, म्हणजे ती नियमात सापडणार. आउटलेट रोडच्या पलीकडे कॉर्नरला, म्हणजे कदाचित 50 मीटरच्या जरासं बाहेर. दोघंही त्याच पोरांना तसलंच खाणं विकतायत आणि नियम फक्त एकालाच लागतोय, हे मला पटत नाही. आउटलेटवाल्याकडे जागा निवडायला माणसं असतात, पैसा असतो, कुठे भाडं भरायचं ते ठरवता येतं. गाडीवाल्याला जिथे गिऱ्हाईक तिथे उभं राहावं लागतं.

आणि 50 मीटर पुरतात का? माझ्या मते नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अर्थशास्त्रज्ञांनी नववीच्या मुलांचा मोठा अभ्यास केला होता, 2010 मध्ये छापून आला. शाळेपासून मैलाच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण 160 मीटरच्या आत फास्ट फूडचं दुकान असेल तर त्या शाळेतल्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण किमान 5.2 टक्क्यांनी जास्त निघालं. पण पाव मैलावर किंवा अर्ध्या मैलावर दुकान असेल तर तसा फरक दिसला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण ग्रुपवर कोणीतरी हमखास म्हणणार की इथून हटवलं तर पोरं लांब जातील. नाही जात गं सगळी. दफ्तर पाठीवर, व्हॅनवाले काका हॉर्न मारतायत, क्लासला पोचायचंय, अशात जे समोर दिसतं ते घेतलं जातं, दहा मिनिटं चालायला लागलं तर निम्मी पोरं गेटवरनंच घरी वळतात. म्हणजे अंतराला अर्थ आहे, फक्त ते 50 च्या ऐवजी 150-200 मीटर हवं. लंडनमध्ये 2021 च्या त्यांच्या शहर आराखड्यात शाळेपासून 400 मीटरच्या आत नवीन टेकअवे दुकान नको असं ठरवलंय. आपल्याकडे 400 मीटर झेपणार नाही, कॉलेज रोड-गंगापूर रोडला शाळा इतक्या जवळ जवळ आहेत की 400 मीटरची वर्तुळं काढली तर बराचसा भाग त्यातच जाईल आणि मग कोणीच तो नियम पाळणार नाही. पण 150 मीटरच्या आत नव्या आउटलेटला परवानगी नको, एवढी मागणी मनपाकडे नक्की करता येते, नगरसेवकाला घेऊन करता येते.

जे आउटलेट आधीच आलंय त्याला काय करायचं? ते उद्या हटेल असं मी तुला खोटं सांगणार नाही. 50 मीटरच्या आत असेल तर एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करा, राज्याच्या एफडीएचा टोल फ्री नंबर 1800222365 आहे, एफएसएसएआयचा 1800112100. बाहेर असेल तर त्यांच्या मॅनेजरला पालक म्हणून पाच-सात जण भेटायला जा. ग्रुपवर शिव्या घालण्यापेक्षा समोर बसून तीन गोष्टी मागा. शाळेच्या गेटकडे तोंड करून लावलेला कॉम्बोचा बोर्ड काढा. युनिफॉर्ममधल्या पोरांना स्पेशल ऑफर नको. आणि शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमात कूपन नको. अशी कंपनी मुख्य ऑफिसला विचारल्याशिवाय काही करत नाही म्हणतात, पण लेखी पत्र हातात पडलं की त्यांनाही पुढे पाठवावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं घेते आता, कारण ते तुला रोज ऐकावं लागत असणार. पोरगं काटकुळं आहे म्हणून काहीही खाऊ दे, हे आपल्याकडे घरोघर ऐकू येतं आणि त्यात माया आहे, ते मी नाकारत नाही. पण 2016 ते 2018 मध्ये देशभर मुलांच्या पोषणाचा सरकारने जो सर्व्हे केला, त्यात 10 ते 19 वयातली 24 टक्के मुलं बारीक निघाली, 28 टक्के मुलांना रक्त कमी, आणि त्याच वयातल्या 10 टक्के मुलांची साखर डायबिटीसच्या उंबरठ्यावर. जाड तर फक्त 5 टक्के होती. म्हणजे डायबिटीसकडे सरकणारी पोरं जाड पोरांच्या दुप्पट. बारीक पोराला धोका नाही हा समज इथेच कोसळतो. काटकुळ्या पोराला भूक लागली आणि ती मैद्याने नि साखरेने भरली तर त्याचं वजन दोन वर्षांनी वाढेलही, पण रक्त नाही वाढणार, हाडं नाही वाढणार. सासूबाईंना हे आकडे नको सांगूस, त्यांना एवढंच सांग की पोराला भूक लागते ती खरीये आणि त्या भुकेला पोटभर काहीतरी आपण द्यायचं. त्यांना ते पटेल. जमलं तर डब्याचं काम त्यांनाच दे, आजीच्या हातचं पोरं खातात.

साखरेवरून एक सांगते. कॉम्बोमध्ये जो कोल्ड्रिंकचा ग्लास येतो तो 300 मिलीचा धरला तर त्यात सुमारे 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, आणि 2000 कॅलरी धरल्या तर 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. एका ग्लासात दिवस संपला. घरचा चहा, बिस्किट, वाढदिवसाचा केक हे सगळं अजून बाकीच आहे. सीबीएसईने मे 2025 मध्ये त्यांच्या शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलेत, कुठल्या पदार्थात किती साखर ते भिंतीवर दिसावं म्हणून. तुमची शाळा कुठल्या बोर्डाची आहे मला माहीत नाही पण असा तक्ता लावायला बोर्डाचं सर्क्युलर कशाला हवं, पोरांकडूनच चार्ट पेपरवर करून घ्या, पाकिटं आणायला सांगा आणि मागचं बारीक छापलेलं वाचून घ्या. पोरांना असलं शोधायला आवडतं.

पण आता दिराच्या गाडीबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलायला हवं. गाडी गरिबाची म्हणून त्यावरचं खाणं चांगलं होत नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची हद्दच 2000 ची आहे. मंचुरियनच्या प्लेटमध्ये ते सॉस किती जातं तू बघितलंच असशील. तेल सकाळपासून तेच उकळत असेल तर ते अजून वाईट, तळलेल्या तेलात जे घातक घटक तयार होतात त्यांची 25 टक्क्यांची मर्यादा एफएसएसएआयने 2018 पासून घातलीये आणि त्यापुढचं तेल वापरायचं नाही असा नियम आहे. काळं पडलेलं, फेस येणारं, चिकट तेल हे डोळ्याला कळतं. आणि तो लालभडक रंग. कर्नाटकात मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीच्या नमुन्यांमध्ये घातक कृत्रिम रंग सापडल्यावर सरकारने त्यांत असे रंग घालायला बंदी केली, त्यातला रोडामाइन-बी नावाचा रंग तर खाण्यात वापरायला देशात कुठेच परवानगी नाही, तो कापड रंगवायला वापरतात. तुझा दीर असला रंग वापरतो असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा गाडीवाल्यालाच माहीत नसतं की होलसेलवाल्याकडून आणलेल्या पुडीत काय आहे. म्हणून त्याला विचार, पुडीवर नाव-पत्ता-लायसन्स नंबर आहे का. सुटी पुडी असेल तर टाकून दे म्हणावं. आणि पेपरात बांधून देत असेल तर तेही बंद, छापलेल्या पेपरात खाणं बांधायला मनाई आहे.

दिराशी बोलायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. सहीचा नाहीये तो. बघ, तू एकटीने जाऊन "भाऊजी, तुमच्या गाडीमुळे पोरं बिघडतात" म्हणालीस तर संपलंच. आधी मिस्टरांशी बोल, दोघांनी मिळून जा, आणि जावेला बरोबर बसव कारण त्या घरातला पैशाचा हिशोब तिलाच नीट माहीत असणार. सुरुवात अशी करा की सह्यांचा अर्ज फिरतोय, उद्या मनपाची गाडी आली तर आपण काय करायचं. हे त्याच्या भल्याचंच बोलणं आहे, खोटं नाही त्यात काही. मग विचारा की फेरीवाल्याचं प्रमाणपत्र आहे का. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा गाडीवाल्यांच्या बाजूने बरंच काही देतो, त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात, आणि प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण कागद नसेल तर हे मागणं अवघड जातं. एफएसएसएआयची नोंदणी पण करायला लावा, ती नसेल तर एफडीएवाले आल्यावर पहिला फटका त्यालाच.

आणि मग मेनू. इथे जरा सविस्तर बोलते कारण सगळं यावरच आहे. साडेपाच-सहाला दुपारचं सत्र सुटतं. पोरांनी डबा खाल्लेला असतो तीनच्या सुमाराला, नंतर पीटी झालेली असते, पुढे क्लास असतो. त्या पोरांना खरंच कडकडून भूक लागलेली असते. शाळेच्या गेटबाहेर कोणीच काही विकू नये असं म्हणणारे लोक ही भूक विसरतात. गेटवर गाडी असायलाच हवी असं मला वाटतं, फक्त त्यावर काय ते बदलायला हवं. आपण मिसळीच्या गावात राहतो, मोड आलेली मटकी काय आपल्याला शिकवायला लागते? मटकीची उसळ, वर तर्री नको, फरसाण चिमूटभर, कांदा-टोमॅटो भरपूर आणि लिंबू. उकडलेलं कणीस. उकडलेल्या शेंगा. इडली. अंडं चालत असेल त्यांना उकडलेलं अंडं. भेळभत्ता पण चालेल, शेव कमी नि चुरमुरे-काकडी-टोमॅटो जास्त असा. पेरूच्या फोडी. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं आहेत, पिंपळगाव-निफाडची द्राक्षं बाहेरच्या देशात जातात आणि आपल्या शाळेच्या गेटवर एक द्राक्षाची वाटी मिळत नाही ही गोष्ट मला खरंच सलते. धुवून, कागदी द्रोणात, दहा-पंधरा रुपयाला. उन्हाळ्यात ताक. 2017 च्या जीआरमध्ये काय विकावं त्या यादीत इडली, वडा-सांबार, खीर, ताक-लस्सी असले पदार्थ होते, म्हणजे सरकारही काही उकडलेली भाजी खा म्हणत नाहीये.

दीर म्हणेल यात पैसा सुटत नाही, चायनीजमध्ये सुटतो. त्याचं ऐकून घे, कारण तो रोज गल्ला मोजतो, आपण नाही मोजत. म्हणून एकदम सगळं बदल असं न म्हणता असं सुचवा की शाळा भरताना-सुटताना गेटजवळ शाळेचा मेनू, आणि चायनीज रात्री सातनंतर दुसऱ्या जागी, जिथे कॉलेजची नि नोकरीची माणसं येतात, सिडकोत अशा जागा कमी नाहीत. कायद्यात एकाच जागेवर वेळ वाटून धंदा करायची सोय आहे. आणि पहिले दोन महिने पालकांनी साथ द्यायला हवी, हे तू ग्रुपवर ठणकावून सांग. "हटवा" म्हणून सही करणाऱ्या चाळीस आयांनी जर आठवड्यातून दोनदा त्या गाडीवरून पोराला उसळ नाहीतर कणीस घेऊन दिलं तर तो माणूस मंचुरियनकडे परत बघणार नाही. नुसतं नको नको म्हणून गाडीवाला बदलत नाही, गिऱ्हाईक बदललं की बदलतो. आणि शाळेने त्याला गेटजवळ पाण्याची सोय करून दिली, हात धुवायला नळ दिला तर अजून बरं.

सगळं करून दीर नाहीच ऐकला तर? तर मग गाडी 50 मीटरच्या बाहेर हलवायची मागणी असलेल्या अर्जावर सही कर, आणि ती करण्याआधी त्याला तोंडावर सांग. मागून कळलं तर ते कायमचं राहतं मनात. समोर सांगितलंस तर चिडेल, चार महिने बोलणार नाही, पण फसवलं असं म्हणू शकणार नाही. तुझं पोर पण त्याच गेटमधून बाहेर येतं आणि त्याच्या पुतण्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे, हे त्यालाही आतून कळत असणार.

जे म्हणतात ना की आपली पोरं आपण सांभाळायची, त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांचं अर्धं बरोबर आहे. खिशात 50-100 रुपये घालून पोराला पाठवणारा बापच असतो. तुझ्याकडे पण मिस्टर देत असतील तर ते कमी करा, बंद नका करू, एकदम बंद केलं की पोरगं मित्रापुढे ओशाळतं. दुसरा छोटा डबा दे, सुटल्यावर खायचा. आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून त्याच काचेच्या दुकानात जाऊन बर्गर खाल्ला तर काही बिघडत नाही, उलट लपूनछपून खाण्याची गंमत जाते. बर्थडे ट्रीटचं मात्र आयांनी आपसात ठरवा, एकटी तू नाही म्हणालीस तर तुझाच पोरगा वेगळा पडेल, सात-आठ जणी म्हणाल्या की ती रीतच होते. पण त्यांचं अर्धं चूक आहे ते इथे, की तंबाखूच्या बाबतीत आपण असं म्हणत नाही. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत सिगरेट-तंबाखू विकायला बंदी आहे आणि कोणी म्हणत नाही की पोरांना आईबापांनी सांभाळावं, टपरी राहू दे. सहावीतल्या पोराने मोहाला नाही म्हणावं अशी अपेक्षा करायची आणि मोह त्याच्या गेटवर आणून ठेवायला मोठ्यांना मोकळीक द्यायची, हा काही न्याय नाही.

तर अर्ज नवीन लिहा. तूच लिही, कारण तुला दोन्ही बाजू माहितीयेत. एक अर्ज मुख्याध्यापकांना: गेटवर नियमाचा बोर्ड, आवारात कुठल्याही खाद्य कंपनीची कूपनं-जाहिरात बंद, गाडीवाल्याला शाळेच्या मेनूसाठी पाण्याची सोय. दुसरा एफडीएच्या नाशिक ऑफिसला: 50 मीटरच्या आत काय काय विकलं जातंय त्याची पाहणी करा, सगळ्यांची, गाड्यांची आणि दुकानांची दोन्ही, हे शब्द अर्जात असू देत. तिसरा मनपा आयुक्तांना: शाळेपासून 150 मीटरच्या आत नव्या फास्ट फूड आउटलेटला परवानगी देऊ नये आणि गेटवरच्या विक्रेत्यांना न उठवता पथविक्रेता समितीमार्फत शाळेच्या वेळेचा मेनू ठरवून द्यावा. शाळेचं नाव, गेटपासूनचं मोजलेलं अंतर आणि दोन-चार फोटो जोडा, फोटोत पोरांचे चेहरे येऊ देऊ नका. यावर तू पहिली सही कर, आणि दीर तयार झाला तर त्याचीही घे, विक्रेता म्हणून. तिन्ही ठिकाणी पोच घ्या, आवक नंबर लिहून घ्या, आणि महिन्याभरात कोणी काही केलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की अर्जावर काय कारवाई केली, त्याची फी 10 रुपये आहे.